एका बाईले दोन कबरी

जिवंतपणी माणसाला एक धड खोली मिळत नाही, आणि विमलाबाईसाठी मेल्यावरच्या दोन जागा धरून ठेवलेल्या होत्या. नाचणगाव रस्त्यावरच्या ख्रिस्ती कब्रस्थानात एक नत्थूजीच्या बाजूला आणि एक रूपरावच्या बाजूला. दोघंही तिचे नवरे. पहिला नत्थूजी, तो गेल्यावर केलेला दुसरा रूपराव, आणि रूपरावलाही जाऊन आता दहा वर्षं होत आली होती. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत रीत अशी की नवरा आधी गेला तर बायकोसाठी त्याच्या डाव्या हाताला जागा सोडायची, भोवती विटा रोवायच्या, आणि दर ईस्टरच्या पहाटे कबरीसोबत त्या विटांनाही चुना मारायचा, म्हणजे मधे दुसरं कोणी घुसू नये. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं. विमलाबाईच्या नावानं दोन रुमाल पडले होते.

नत्थूजीकडच्या विटा रंगवायचा प्रभाकरराव. हा नत्थूजीचा पुतण्या, रेल्वेतून रिटायर झालेला, चर्च कमिटीचा सेक्रेटरी. तो तिला काकू म्हणायचा. रूपरावकडच्या विटा सुलोचनाबाईच्या ताब्यात. ती रूपरावची बहीण, विमलाबाईला वहिनी म्हणणारी. दर ईस्टरला दोघं हातात ब्रश घेऊन एकमेकांकडे पाठ करून उकिडवे बसायचे, आणि जिच्यासाठी हे चाललंय ती मधल्या पायवाटेवर काठी टेकून उभी.

"माह्या घराच्या भिंतीले पोपडे सुटून राह्यले," ती म्हणायची, "तिथं चुना लावाले कोणाचा हात उठत नाई. खड्ड्याले मात्र दरसाल."

यावर दोघंही हसायचे. म्हातारीची गंमत समजायचे. विमलाबाई गंमत करत नव्हती.

तिला त्यातली एकही जागा नको होती. कब्रस्थानाच्या मागच्या भिंतीबाहेर, जिथं बकऱ्या चरतात आणि लोक नको ते करायला बसतात, तिथं एक बोरीचं झाड आहे. त्या झाडाखाली तिची मुलगी होती. तिची आणि नत्थूजीची. आठवडाभरही जगली नाही. पाळकाला बोलावून बाप्तिस्मा उरकून घ्या म्हणून विमलाबाई बाळंतिणीच्या खाटेवरून नवऱ्याच्या मागे लागली होती. नत्थूजी म्हणाला, "घाई कायले? ईस्टर येऊनच राह्यला. पांढऱ्या फ्रॉकात करू, चार लोकं जेवतीन." पोरगी ईस्टरसाठी थांबली नाही. नाव बाप्तिस्म्यालाच ठेवायचं, म्हणून नावही राहून गेलं. आणि बाप्तिस्मा न झालेल्याला भिंतीच्या आत माती मिळणार नाही, हा तेव्हाच्या गोऱ्या मिशनरी साहेबाचा नियम. नत्थूजीनं तिला टॉवेलात गुंडाळलं, भिंतीमागे नेऊन पुरलं, आणि घरी येऊन जेवायला बसला. ते त्याचं जेवणं विमलाबाई कधी विसरली नाही.

रूपराव त्या मानानं बरा माणूस. पण लग्नानंतर एकदा तिनं मन मोकळं केलं तर तोही म्हणाला, "गेलेलं कायले उकरतं? लोकं नावं ठेवतीन." दोन नवऱ्यांनी मिळून एका पोरीवर दोनदा माती टाकली. पुढे मूलबाळ झालं नाही. जुनी माणसं एकेक करून भिंतीच्या आत गेली, आणि मंडळीत विमलाबाईचं नाव पडलं ते निःसंतान बाई म्हणून. तिनंही ते खोडलं नाही. जन्मभर मिशनच्या वसतिगृहात दुसऱ्यांच्या पोरींच्या वेण्या घातल्या आणि तोंड बंद ठेवलं.

दोन हजार एक साली, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागायच्या तोंडावर, तिला बाजारात चक्कर आली. सावंगीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, जपून राहा. ती ऑटोतून घरी उतरते न उतरते तोच दोन्हीकडचे नातेवाईक हजर. प्रभाकररावनं मोसंबी आणली होती, सुलोचनाबाईनं नारळपाणी. दोघंही तिच्याकडे असे बघत होते की गाडी फलाटावर लागलीच आहे आणि आता डब्यात कोण आधी चढतो एवढंच पाहायचं.

"एकदा निकाल लागला पायजे," प्रभाकरराव म्हणाला. "आम्ही पाळकसाहेबांसमोर ठेवणार हाव. शास्त्रातून जे निघन ते."

"मले इचारनार का?" विमलाबाईनं विचारलं.

"काकू, तुमाले कायले तरास?"

पाळक अमर साळवे नुकताच शिकून आलेला, पहिलीच मंडळी. पोरगा वाईट नव्हता. पण कमिटी पुढं बसली की तो तिच्याच तोंडाकडे बघून बोलायचा. ईस्टरच्या आधीच्या दर शनिवारी संध्याकाळी चर्चच्या व्हरांड्यात शास्त्राचा अभ्यास असायचा. त्याला यंदा विषय मिळाला: पुनरुत्थानाच्या दिवशी, म्हणजे सगळे मेलेले उठतील तेव्हा, विमलाबाई कोणाची.

पहिल्या शनिवारी त्यानं सात भावांची गोष्ट काढली. एका बाईचा नवरा मूल न होता मेला, म्हणून ती त्याच्या भावाला दिली. तोही तसाच मेला. असे सातही भाऊ मेले आणि शेवटी बाई मेली. तर पुनरुत्थानात ती सातांपैकी कोणाची बायको? आता हा प्रश्न सदूक्यांनी येशूची फिरकी घ्यायला विचारलेला. मेलेलं माणूस उठत-बिठत नाही असं म्हणणारे ते लोक. आणि आमची मंडळी एवढी हुशार, की टवाळांचा सवाल यांनी घरचा समजून उचलून धरला. दोन हजार वर्षांत कोणी सदूक्यांना एवढा मान दिला नसेल.

"येशूनं उत्तर दिलं आहे," पाळक म्हणाला. "तिथं कोणी लग्न करत नाही, करून देत नाही. सगळे देवदूतांसारखे."

प्रभाकररावनं मान हलवली. रेल्वेत नियमातून वाट काढायची सवय. "लग्न नसन, मान्य हाये. पण जागा? रिझर्वेशन तं राहीन न?"

विमलाबाई मागच्या बाकावर होती. त्या बाईचा विचार तिच्या डोक्यातून जाईना. सातांच्या हातून गेली बिचारी, सातांना पोचवलं, आणि एवढ्या मोठ्या ग्रंथात एकानंही तिला विचारलं नाही, की बाई, तुला कोण पाहिजे. नावसुद्धा लिहिलेलं नाही. येशूनं सदूक्यांना उत्तर दिलं ते ठीक, पण बाईशी तोही बोलला नाही, कारण बाई तिथं नव्हतीच. टवाळांनी बनवलेली होती. आणि ही इथं बाकावर धडधडीत बसलेली, तिलाही कोणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या वेळी मत्तयचं शुभवर्तमान निघालं. येशूनं प्राण सोडला तेव्हा कबरी उघडल्या, झोपी गेलेले पवित्र लोक उठले, आणि त्याच्या पुनरुत्थानानंतर बाहेर येऊन नगरात पुष्कळांना दिसले. पाळक प्रामाणिकपणे म्हणाला, ही अवघड जागा आहे, पंडितांमध्येही एकमत नाही. ते शुक्रवारी उठले तर रविवारपर्यंत आत बसून काय करत होते? नंतर कुठं गेले? पुन्हा मेले का? मत्तय सोडून दुसऱ्या कोणी हे लिहिलंही नाही.

"अवघड काय हाये त्याच्यात?" सुलोचनाबाई म्हणाली. ती कधी अडत नसे. "नगरात गेले म्हंजे आपआपल्या घरी गेले. आणि उठल्यावर भूक लागते, तेही लिहेल हाये. येशूनं स्वतः मासा खाल्ला शिष्यांसमोर. माह्या भावाले वहिनीच्या हातची अंबाडीची भाजी लय आवडे."

"आमच्या काकाले काय कमी आवडे?" प्रभाकरराव म्हणाला.

"म्हंजे उठल्या उठल्या मी कोणाची चूल पेटवाची," विमलाबाई मागून म्हणाली, "एवढाच तुमचा सवाल हाये न? कयामत आली, तुतारी वाजली, आभाळ फाटलं, आणि यायले अंबाडीची भाजी पायजे."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पाळकही हसला आणि प्रभाकररावकडे पाहून गप्प झाला. निकाल काही लागला नाही. तसे शनिवार जात राहिले, आणि विमलाबाईचा दम एकेका शनिवारी कमी पडत चालला. व्हरांड्याच्या पायऱ्या चढताना ती मधेच थांबू लागली. तिला कळत होतं, आता बोललं नाही तर हे दोघं तिला ओढाओढ करून कुठल्यातरी विटांच्या आत घालतील, आणि मेलेली बाई काय करणार? तरी तोंड उघडेना. पन्नास वर्षांचं कुलूप ते.

उघडलं ते मग्दालीया मरीयेनं. पाळकानं त्या दिवशी योहानातलं वाचलं. मरीया कबरीजवळ रडत उभी. येशू समोर आला तरी तिनं ओळखला नाही, तिला वाटलं माळी आहे. ज्याच्यामागे गावोगाव फिरली त्याला ओळखू नये, हे कसं? कोणी म्हणालं डोळ्यांत पाणी होतं, कोणी म्हणालं अंधार होता. पाळक म्हणाला, "त्यानं तिला नावानं हाक मारली, 'मरीये', तेव्हा तिनं ओळखलं. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो. शेवटच्या दिवशीही आपल्या प्रत्येकाला अशीच नावानं हाक येईल आणि आपण उठू."

सगळ्यांना फार बरं वाटलं. विमलाबाईला नाही. नावानं हाक. बोरीखाली जी आहे तिला नाव कुठं आहे? सगळं कब्रस्थान उठेल, नत्थूजी उठेल, रूपराव उठेल, गोरा साहेबसुद्धा अंग झटकून उठेल, आणि भिंतीमागे ती एवढीशी निजूनच राहील, कारण तिला हाक मारायला शब्दच नाही. त्या आठवड्यात विमलाबाईला अन्न गोड लागलं नाही. पाळकावर तिला राग आला, त्याच्या मेंढपाळावर आला, आणि सगळ्यात जास्त त्या पांढऱ्या फ्रॉकवर आला.

शेवटचा शनिवार म्हणजे ईस्टरच्या आदल्या संध्याकाळचा. प्रभाकररावनं पाळकाला बजावलंच होतं की आज निकाल द्या. पाळक पुन्हा सात भावांवर आला. घाम पुसत म्हणाला, "या वचनात मुख्य शब्द निःसंतान हा आहे. मूल असतं तर बाई पहिल्याच घरची राहिली असती, प्रश्नच उठला नसता. आपल्या विमलाबाईही त्या बाईसारख्याच निःसंतान, म्हणून..."

"मी निःसंतान नाई."

ती उभी राहिली होती. बाकाला धरून.

"मले पोरगी झालती. नत्थूची. त्या भिंतीमांगं बोरीखाली हाये ते. तुमच्या काकानं पुरली, प्रभाकर. बाप्तिस्मा नाई म्हणून आत घेतली नाई. मले तिच्या बाजूले ठेवाचं. दोघायच्याही बाजूले नाई. झाला तुमचा निकाल."

प्रभाकरराव समजुतीनं हसला, दवाखान्यातून आलेल्या माणसाला हसतात तसं. "काकू, तब्येतीनं होते असं. आमच्या घरात असं कधी कोणाच्या तोंडून आयकलं नाई. बसा तुमी."

घ्या. बायका कबर रिकामी पाहून धावत आल्या तेव्हा शिष्यांनाही ती बडबडच वाटली होती, हे याच व्हरांड्यात याच प्रभाकररावनं मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. वाचलेलं डोक्यात जायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नसावं.

"बह्याड नाई झाली मी," विमलाबाई म्हणाली. "पण साक्षीले कोण हाये? सारे मेले."

"मी हावो न," सुलोचनाबाई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती खाली फरशीकडे बघत होती. "आम्ही तवा शेजारीच राहत होतो. मीनं पाह्यली पोट्टी. वहिनी निजली होती तवा मांडीवर घेतली. डोक्शावर भल्ले केस होते."

विमलाबाई बाक धरत धरत तिच्याकडे सरकली. पन्नास वर्षांत त्या केसांबद्दल दुसरं माणूस बोललं ते हे पहिलं. आणि लगेच तिला संतापही आला. एवढी वर्षं दर ईस्टरला ही बया शेजारी बसून विटा रंगवत होती, जिभेवर ते केस ठेवून.

"आता सांगतं?" ती म्हणाली.

"तुमचं लगन झाल्यावर भावानं शपथ घातली होती," सुलोचनाबाई म्हणाली.

प्रभाकरराव मात्र सेक्रेटरी. पोरगी होती हे आता नाकारता येईना, तर त्यानं नियम काढला. भिंतीबाहेरची जमीन आशीर्वाद दिलेली नाही, तिथं कमिटी कोणाला माती देऊ शकत नाही. वरून आवाज खाली आणून म्हणाला, "आणि काकू, तिथून तुमी उठान कशा?"

"येशूले कुठं पुरलं होतं?" विमलाबाईनं विचारलं. "मंडळीच्या भिंतीत? वेशीबाहेर मारलं आन वेशीबाहेरच ठेवलं, कोण्या परक्याच्या बागेत. त्याले जमलं तं मलेही जमन."

पाळकानं पुस्तक मिटलं. त्या संध्याकाळचा अभ्यास प्रार्थना न करताच संपला. मंडळीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

ईस्टरच्या पहाटे कब्रस्थानात नेहमीसारख्या मेणबत्त्या होत्या, चुन्याच्या बादल्या होत्या. विमलाबाई घमेलं घेऊन आली. आधी नत्थूजीकडे गेली. काठीच्या टोकानं तिच्या नावाची एकेक वीट उचकटली आणि घमेल्यात टाकली. प्रभाकरराव ब्रश घेऊन "अवं काकू, अवं काकू" करत तिच्याभोवती फिरला. पुतण्या असल्यामुळे तिचा हातही धरता येईना. मग ती रूपरावकडे गेली. तिथल्या विटा सुलोचनाबाईनं आधीच काढून ठेवल्या होत्या. विमलाबाईनं तिच्याकडे न बघता त्या घमेल्यात भरल्या. घमेलं उचलायला विमलाबाईच्यानं झालं नाही तेव्हा पाळकानं झगा खोचला आणि ते डोक्यावर घेतलं. कमिटी बघत राहिली. दोन नवऱ्यांच्या विटा पुढे, मागे म्हातारी, तिच्यामागे बायका, अशी ती वरात फाटकाबाहेर पडली आणि भिंतीला वळसा घालून बोरीखाली आली. पुरुष भिंतीच्या आत उभे होते. त्यांची नुसती डोकी दिसत होती.

विमलाबाईनं बसून हातानं पाचोळा सारला. आधी एक लहान चौकोन लावला, मग त्याला लागून मोठा. वेळ लागला. तिला धाप लागत होती तरी तिनं कोणाला हात लावू दिला नाही. शेवटची वीट लागल्यावर ती तिथंच मातीत बसली आणि पाळकाकडे बघून म्हणाली, "तू म्हनला नावानं हाक येते. हिले नाव नाई. हे कशी उठन ते सांग. तुह्या पुस्तकात नसन तं नाई म्हन, पण खोटं बोलू नको."

पाळक पोरगा तिच्यासमोर मातीत बसला. भिंतीवरून कमिटी ऐकत होती आणि पहिल्यांदाच त्यानं तिकडे पाहिलं नाही. मग म्हणाला, "आजी, शुभवर्तमानात याईर नावाच्या माणसाची मुलगी मेली होती. बारा वर्षांची. तिचंही नाव कुठं लिहिलेलं नाही. येशूनं नाव विचारलंही नाही. तिचा हात धरला आणि म्हणाला, 'मुली, ऊठ.' एवढंच. आणि ती उठली."

"नुसतं मुली?"

"नुसतं मुली."

विमलाबाईनं लहान चौकोनावर हात ठेवला. "मंग पुढं?"

"पुढं त्यानं घरच्यांना सांगितलं, तिला काहीतरी खायला द्या."

"उठल्यावर भूक लागते, हे तं सुलोचना तवाच म्हनली न, बापा," विमलाबाई म्हणाली. तिचा चेहरा ओला झाला होता आणि आवाजातला तिखटपणा काही गेला नव्हता. भिंतीवरच्या डोक्यांकडे बघून ती म्हणाली, "तुमचे दोघंही उठले का आपलं आपलं रांधून खातीन, म्हना. माही पोट्टी उठल्याबरोबर दूध मांगन, आन तवा मी बाजूले पायजे. सुलोचना, तो चुना इकडं आन."